अण्णांचं पहिलं जहाज

"आत्या, बाबा गेले," एवढंच अण्णांचा प्रभू फोनवर म्हणाला. मी तुळजापूरच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते, दवाखान्यात अण्णांना द्यायचा डबा घेऊन. देवीला आलेली माणसं गाडीतून उतरत होती आणि डब्यातली भाकरी अजून गरम होती. तो डबा आता कुणाला द्यावा, हेही मला सुचेना.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ मल्लिनाथ. अणदूरच्या शाळेतून निघून ते इंजिनिअर झाले आणि सत्तरच्या दशकात परदेशातल्या एका गोदीत जहाजांचे आराखडे करायला गेले. "घागरभर पाण्याची मारामार, आन् मल्लू जहाजं बांधतोय," अशी पारावर टिंगल व्हायची. अण्णाही त्यात हसत. त्यांचं काम त्यांनी मला एकदा नीट समजावलं होतं. नैसर्गिक वायू अतिशय थंड करून त्याचा द्रव करतात आणि जहाजातून नेतात. वाटेत त्यातला थोडा उकळून पुन्हा वायू होतो, तोच त्या जहाजाच्या बॉयलरला इंधन म्हणून जाळायचा. पण त्यासाठी तो माणसं राबतात त्या इंजिनखोलीतून न्यावा लागतो. नळी गळली तर? म्हणून नळीभोवती दुसरी नळी, आणि दोन्हींच्या मधली हवा सतत बाहेर ओढणारा पंखा. त्या पंख्याचा आराखडा अण्णांकडं होता. पहिलं जहाज समुद्रात गेलं तेव्हा त्यांनी आम्हांला गावभर पेढे वाटायला लावले.

त्यानंतर ते सुट्टीवर आले ते एका दुष्काळाच्या वर्षी. गावाबाहेर गुरांची छावणी होती. तिथल्या शेणावर दूध सोसायटीनं गोबरगॅस बसवला होता आणि पहिली शेगडी आमच्या घरात आली होती. जन्मभर धुरानं लाल झालेले आमच्या आईचे, अव्वाचे डोळे निवळले होते, ती भारी खुशीत होती. अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि वर बघत उभे राहिले. धाब्याच्या छतात धूर जायला भोक असतं, आम्ही त्याला साणं म्हणतो. अव्वानं त्यावर परात पालथी घालून दगड ठेवला होता.

"हे कुणी झाकलं?"

"म्याच. धूर न्हाय, मंग साणं कशाला उघडं? वरून नुसता फुफाटा पडतोय पिठात."

अण्णा माळवदावर चढले, परात काढून खाली आले आणि भिंतीला टेकून बसले. उन्हानं असेल म्हणून मी पाणी दिलं. ते म्हणाले, "शांते, गॅस गळला तर त्या साण्यातूनच भाईर जाणार. गोबरगॅसला निदान वास तरी हाय. माझ्या जहाजावरल्या गॅसला त्योबी न्हाय." पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांच्या पंख्याला साधं बटण होतं, कुणालाही बंद करता येईल असं. इंजिनखोलीत उकाडा, पंख्याचा कानठळ्या बसवणारा आवाज... धूर नाही, वास नाही. कुणीतरी अव्वासारखाच शहाणपणा करणार, पंखा कशाला म्हणणार. मग नळी गळली तर मधल्या जागेत वायू साठत राहणार आणि कुणाला कळणारही नाही. "अव्वा काय येडी हाय का? तिच्यागत कुणीबी करंल. म्या माणसाचा इचारच केला न्हाय," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

सुट्टी अर्धी टाकून ते परत गेले. पंखा थांबला की वायूची झडप आपोआप बंद होईल, अशी नवी रचना त्यांनी केली. गोदीनं ती पुढच्या सगळ्या जहाजांना लावली, त्यांना बढतीही दिली. ते कौतुक त्यांना टोचायचं. पहिल्या जहाजाचं काय, असं त्यांनी विचारलं की गोदीतून 'दुरुस्तीला येईल तेव्हा बघू' हे उत्तर मिळे. ते आलंच नाही. मालकानं ते विकलं, घेणाऱ्यानं नाव बदललं, झेंडा बदलला, पुढं ते पुन्हा विकलं गेलं... अण्णांना माग लागेना. अव्वा गेली, अण्णा निवृत्त होऊन गावी आले, मीही मास्तरकी संपवून त्यांच्याकडंच राहायला गेले. तरी संध्याकाळच्या बातम्यांना ते रेडिओला कान लावून बसत. कुठं जहाजाला आग लागल्याचं सांगितलं की ते ताट सरकवून ठेवत. मला त्याचा राग यायचा. बोटीवरच्या लोकांनी पंखा बंद केलाच असेल असं कुणी सांगितलं, असं मी त्यांना तोंडावर विचारलेलं आहे.

माती देऊन आलो त्या संध्याकाळी मी प्रभूला विचारलं, "अजून चालत असंल का रे ते जहाज?"

"न्हाय, आत्या. एवढी वर्षं कुठलं टिकतंय? कवाच भंगारात गेलं असंल. बाबांस्नी ठावं होतं."

"मग ऐकत काय बसायचे?"

"म्याबी इचारलं होतं. तर म्हनले, जहाज मोडलं ते कुनीबी सांगंल. त्याच्यावरली मानसं समदी घरला गेली का, ते कुठं सांगत्यात?"

अण्णांना जाऊन महिना होऊन गेला. संध्याकाळी बातम्या लागल्या की घरातलं बोलणं थांबतं, कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही. प्रभूची बायको काटवटीत पीठ तसंच ठेवून बसते. शेवटपर्यंत कुठल्या जहाजाचं नाव निघालं नाही, की मग ती उठून तवा ठेवते.