बंद न होणाऱ्या झडपा

काटकोनकाकांना कोणाच्या घरी न्यायचं म्हणजे काकूंच्या जिवाला घोर. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत हे गृहस्थ त्यांचं दार दोनदा उघडून, दोनदा लावून, "खाली घासतंय" असं जाहीर करून मोकळे! बेचाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला भिंतीवरच्या फोटोतले आजोबा दिसत नाहीत, चौकट वाकडी आहे तेवढंच दिसतं. मापात जितके सरळ तितकेच बोलण्यात, म्हणून हे नाव. पैकी बोलण्यातला सरळपणा महागात पडायचा. मुलाच्या नव्या घरातलं विकतचं कपाट बघून "हे कपाट की खोकं?" असं विचारून बसले, तर सूनबाई पाच महिने इकडे फिरकली नाही. अर्थात नातही नाही.

म्हणून सूनबाईनं आपण होऊन काम सांगितलं, तेव्हा काकूंनी आधीच दम भरला, "या वेळी तोंडाला कुलूप. पोर पुन्हा दुरावली तर माझ्याशी गाठ आहे."

काम साधं होतं. घराच्या दर्शनी खिडकीला बाहेरून दोन लाकडी झडपा, आडव्या पट्ट्यांच्या, हिरव्या रंगाच्या.

"बिजागऱ्या पितळी लावू?" काकांनी विचारलं.

"बिजागऱ्या नकोतच, बाबा. भिंतीला स्क्रूनं पक्क्या करायच्या. शोभेच्या आहेत."

"म्हणजे बंद नाही व्हायच्या?"

"नाही."

"कधीच?"

काकूंनी डोळे वटारले. काकांनी तिनं दिलेला मापांचा कागद खिशात घातला, पण आत रंधा फिरायला लागला. बंद न होणारी झडप! उद्या म्हणाल, बसता न येणारी खुर्ची करा!

त्यात सूनबाईच्या कागदावर एकेका झडपेची रुंदी अकरा इंच. खिडकी चांगली तीन फुटांची. "दोन अकरा बावीस," काका लाकडाला समजावून सांगत होते, "मधले चौदा इंच काय शेजाऱ्यांनी झाकायचे? एवढी शिकलेली पोर, साधा भागाकार येत नाही!"

त्यांनी खिडकी पाच वेळा मोजली आणि कोणाला न सांगता अठरा-अठरा इंचांच्या झडपा केल्या. बिजागऱ्यांसकट. पाणी आत येऊ नये म्हणून पट्ट्यांना उतारसुद्धा दिला.

रविवारी सकाळी झडपा चढल्या. काकांनी त्या मिटल्या. मधल्या फटीतून पोस्टकार्ड जाणार नाही अशा बसल्या! "बघ सूनबाई," काका छाती काढून म्हणाले, "याला म्हणतात झडप. आता उघडतो."

डावी अर्धी उघडली आणि भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्याच्या पाइपावर आदळून थांबली. उजवी दाराजवळच्या दिव्यावर. दोन्ही कान टवकारून घर रस्त्याकडे बघत उभं राहिलं.

काकांनी पुन्हा ढकललं. पाइप हलला नाही.

"बाबा, खिडकीपासून पाइप बारा इंचांवर आहे," सूनबाई हळूच म्हणाली. "दिवाही तेवढाच. मी भिंत मोजून अकरा लिहिलं होतं."

काकांच्या जिभेवर तीन उत्तरं आली. पाइपवाला गाढव आहे. दिवा कोणी लावला. आणि तिसरं तर कपाटाहून वाईट होतं. दारात काकू नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. काकांनी तिन्ही उत्तरं गिळली. बेचाळीस वर्षं नुसती भोकं मोजली. उघडी झडप दिवसभर ज्या भिंतीवर पडून राहते, ती भिंत मोजायचं कधी सुचलंच नाही!

"तुझं माप बरोबर आहे," ते म्हणाले. दाढ काढतानाही त्यांचा चेहरा इतका वाकडा झाला नव्हता.

पुढच्या रविवारी अकरा इंची झडपा आल्या. काकांनी प्रत्येकीला चार स्क्रू मारले, प्रत्येक स्क्रूला एक उसासा. जाणारे-येणारे थांबून "काय देखण्या!" म्हणत होते, आणि दर कौतुकागणिक काका अधिकच चिडत होते.

"हलवून बघ," त्यांनी सूनबाईला सांगितलं.

तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली. "जराही हलत नाही, बाबा!"

"तेच तर," काका म्हणाले आणि स्टुलावरून खाली उतरून आत चहाला गेले. जाताना त्यांनी दार दोनदा उघडून लावलं, पण बोलले काही नाहीत.