साहेब सोडत नाही

माझा दादा जाऊन बावीस दिवस झाले. अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. तो गेला त्याचं दुःख आहेच, पण तिकडे जाऊन जे कळलं त्यानं मी पार हादरलोय.

दादा परक्या देशात एका दवाखान्याच्या शिवणखोलीत कामाला होता. सोळा वर्षं. फाटक्या चादरी, पेशंटचे डगले, अभ्रे शिवायचे. दरवर्षी वहिनी फोनवर विचारायची, "यंदा कायमचे येताय ना?" दादाचं उत्तर ठरलेलं, "साहेब सोडत नाही गं." त्या साहेबाला आम्ही घरात बसून किती शिव्या घातल्या, विचारू नका.

दादा कामाला निघालेला, बसच्या थांब्यावर छातीत कळ आली आणि तिथंच संपला. मी त्याला आणायला गेलो. निघताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्या मेल्याला एकदा विचाराच. माझ्या माणसाला का नाही सोडलं?"

म्हटलं, विचारतो. गचांडी धरून विचारतो.

तिथं आपली भाषा बोलणारा, दवाखान्याचाच एक जुना ड्रायव्हर सोबत आला. मी शिवणखोलीच्या दारात पाय ठेवला आणि आतली वीसेक माणसं ताडकन उभी राहिली. सगळ्या मशिनी बंद. मला वाटलं माझ्यामागून कोणी मोठं माणूस येतंय. वळून बघितलं, कोणी नाही.

"साहेब कुठंय?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं एका बाईकडे बोट केलं. पिकलेले केस, गळ्यात टेप. मी बघतच राहिलो. साहेब म्हणजे बाई!

तरी विचारलं, माझ्या भावाला का सोडलं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं तसा बाईचा चेहरा उतरला. तिनं कपाटातून फाईल काढली. दरवर्षी एक कागद. ड्रायव्हर वाचत गेला. काम सोडून घरी जायचंय का? नाही. पुढच्या वर्षी, नाही. खाली दादाची वाकडीतिकडी सही. ती सही मी झोपेतही ओळखेन.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई म्हणतात, मीच दरवेळी जा म्हणायचे, तोच हलत नव्हता."

"आणि ही सगळी उभी का?"

ड्रायव्हर हसत हसत रडायला लागला. "अहो, तुमचा दादा नवीन असताना बाई आली की उठून उभा राहायचा. सुई कापडात तशीच, दोरा तुटायचा. लोक खो खो हसायचे. बाई म्हणायची, बस रे बाबा, इथं असं कोणी उठत नाही. ऐकेल तर शपथ! शेवटी बाईच मागच्या दारानं यायला लागली. आज त्याचा भाऊ येणार म्हणून..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर बरेच दिवस वहिनीला टाळलं. काल तिनं धरलंच. "विचारलंत का?"

सांगून टाकलं सगळं. ती म्हणाली, "सुट्टीवर आले की तिसऱ्याच दिवशी धड अभ्रे उसवून परत शिवत बसायचे. मी म्हणायचे, अहो, फाटलेत कुठे? तर म्हणे, टाका नीट नाही."

"वहिनी..."

"'आवडतंय मला इथं', एवढंच एकदा सांगायचं होतं त्यांनी, भाऊजी. मी गेले असते की तिकडे."