फोटोत नसलेली चाल

लढाई नुकतीच संपली होती. मला पहिला कॅमेरा घ्यायचा होता आणि काही ठरत नव्हतं. साधा फोटोचा घ्यावा, की किल्लीचा, हलती चित्रं टिपणारा? लोणावळ्याच्या दुकानदाराने दोन्ही एका दिवसापुरते हाताळायला दिले, ते घेऊन मी कुरवंड्याच्या वरच्या माळावर गेलो.

तिथे गवताचा भारा शेजारी टाकून एक बाई बसली होती. खालच्या वाटेने कुणी येताना दिसलं, की ती डोळ्यांवर हात धरायची, जरा वेळ बघायची आणि हात खाली घ्यायची.

"कुणाची वाट बघताय, मावशी?"

"आता कुनाची न्हाई. सवय हाय. हितनं तोंड कुटं दिसतंय? चालीवरनंच वळकायचं आपलं मानूस." मग खाली बघत म्हणाली, "ल्योक लढाईवर गेला, त्यो माघारी आलाच न्हाई. फोटू हाय घरात. त्यात तोंड हाय, चाल न्हाई."

मी किल्लीचा कॅमेरा दाखवला. यात माणूस चालताना दिसतो, म्हटलं. तिने त्याला हात लावला नाही.

"लय उशिरा आनलास, भाऊ."

भारा डोक्यावर चढवायला मी हात दिला. ती उतरू लागली. मी किल्ली फिरवली आणि ती वळणाआड जाईपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिलो. आत फिल्म नव्हती, हे मला ठाऊक होतं.

पुढे किल्लीचाच कॅमेरा घेतला. तिचा चेहरा आता आठवत नाही. पण त्या वाटेने ती येताना दिसली, तर वरूनच ओळखीन.