पहिल्या पंगतीतला राक्षस

लोक टाळ्या वाजवत होते आणि आमच्या भासऱ्यांच्या नाकातून खरं रक्त वाहत होतं.

दसऱ्याची दुपार होती. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात रामलीला चालू होती आणि लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं होतं. खेळातलं नाही, खरोखरीचं. शूर्पणखा म्हणजे आमचे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लुगडं नेसून, तोंडाला काजळी फासून उभे होते. माणसं ओरडत होती, "वा रे शूर्पी! काय रक्त काढलं लेकाच्यानं!" दरवर्षी ते मुठीत कुंकवाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा लपवायचे आणि वार झाला की नाकावर पिळायचे. त्या दिवशीचा बोळा सकाळी मीच भिजवून दिला होता. बायकांच्या बाजूने मला त्यांची मूठ नीट दिसत होती. ती अजून खालीच होती, मिटलेली. बोळा मुठीत होता, मग तोंड लाल कशाने झालं?

मी उठले.

पण आधी माणूस सांगते, म्हणजे कोणाचं नाक गेलं ते कळेल.

शूर्पी हे नाव त्यांना गावाने दिलं. आमच्या गावात रामलीलेची सोंगं तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाटत. राम व्हायला आठ जण पुढे, लक्ष्मण व्हायला दहा. राक्षस म्हटलं की सगळ्यांना शेतात काम निघायचं. आया येऊन सांगायच्या, "माह्या पोराचं लगीन व्हायचं हाय, त्याले राक्षस नोका करू बाप्पा." कुंभकर्णाला उठवताना पोरं खराट्याने मारायची, म्हणून तो कोणाला नको. वानराची शेपटी ओढायची, म्हणून वानरही नको. शूर्पणखा तर कोणालाच नको. बाईचा वेश, वर राक्षसीण, वर नकटी. जे उरेल ते भासऱ्यांचं. घर पाहून आणि कातडी पाहून राम ठरायचा. आमचं घर चार एकराचं आणि भासरे तव्यासारखे काळे.

एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोथीत त राम सावळा होता म्हनते. मंग आपल्या गावात गोराच काऊन पाह्यजे?" एकजण म्हणाला, "शूर्पे, तू आपलं नाक सांभाळ." सगळे हसले. तेही हसले. मी हसले नाही. मला त्या दिवशीचा राग अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांपुढे तोंड उघडं ठेवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि त्यांना शिवायचं तर मुळीच नाही. एका घरात दोन वेळा जेवायला वाढायचं आणि शब्द नाही. भासऱ्यांनी यावर तोड काढली होती. ते गाईशी बोलायचे. आमची मोरी गाय अंगणातच बांधलेली असे. जेवता जेवता ते तिच्याकडे पाहून म्हणायचे, "सांग वो मोरे कोनाले, भाजीत मीठ नाई." मी पदराआडून गाईलाच सांगायची, "मोरे, मीठ ताटाच्या बाजूले ठेवलं हाय, माणसानं पाह्यलं त दिसते." मोरी कान हलवायची. माझा नवरा म्हणायचा, "या घरात सगळ्यात शहाणी गायच हाय." तो काही खोटं बोलत नव्हता.

सोंगाची तयारीही गोठ्यात, गाईपुढेच चालायची. महिनाभर आधीपासून ते मरायची सवय करत. मारीच हरणासारखा मरतो, कुंभकर्ण झाडासारखा पडतो, खर आणि दूषण वेगवेगळे मरतात. हे सगळं त्यांना दाखवता यायचं. नवऱ्याने एकदा चिडून विचारलं, "दादा, दुसऱ्याच्या हातानं मराले एवढी मेहनत काऊन करता?" ते म्हणाले, "मरनारा चांगला नसला त मारनाऱ्याले कोन पाह्यते?"

शूर्पणखेला लोक हसायचेच. ती आली की शिट्ट्या सुरू. पण नाक कापल्यावर भासरे एक वाक्य बोलत. ते पोथीत नव्हतं, त्यांनी स्वतः घातलं होतं. रामाकडे बोट करून म्हणायचे, "नाई म्हनाचं होतं त नाई म्हना. नाक काऊन कापता?" तेवढ्यापुरत्या शिट्ट्या बंद पडायच्या. बायकांच्या बाजूला तर कोणी बांगडीही वाजवायची नाही.

आता त्या दुपारचं सांगते. लक्ष्मण होता गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा नातू. नागपूरला शिकायला होता, दसऱ्यापुरता आला होता. खेळातली तलवार लाकडाची, बेगड लावलेली, हातभर लांब. पण मालगुजाराच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची, आणि सकाळी पुजलेली जुनी तलवार या पोराने कमरेला लावून आणली. पुजलेल्या शस्त्राने मारलं की रामाला यश येतं म्हणे. कोणी अडवलं नाही. भासऱ्यांना कोणी सांगितलंही नाही. लाकडी तलवार आखूड, म्हणून ते दरवर्षी तोंड जरा पुढे करत, म्हणजे वार लागल्यासारखा दिसे. त्या दिवशीही केलं. ही तलवार वीतभर जास्त होती.

मी उठले तेव्हा ते आपलं वाक्य बोलत होते. रक्त ओठांवरून आत जात होतं आणि ते बोलत होते, "नाई म्हनाचं होतं त नाई म्हना." लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या. मी पुरुषांच्या मधून धावत मंचावर चढले. डोक्यावरचा पदर ओढला, त्यांच्या नाकावर दाबला आणि दुसऱ्या हाताने मान धरली. सगळ्या गावासमोर, उघड्या तोंडाने, भासऱ्यांना. टाळ्या तेव्हा थांबल्या. रक्त पाहून नाही थांबल्या, मला पाहून थांबल्या.

मालगुजाराची जीप तिथेच उभी होती, झेंडूचे हार घातलेली. नवऱ्याने हात जोडले. ड्रायव्हर वाड्यात विचारून आला आणि म्हणाला, "गाडीची पूजा झाली हाय. आज रक्त नाई लागू देत." आम्ही बैलांची बंडी जुंपली. सिंदीपर्यंत बंडी, तिथून आगगाडीने वर्धा. डॉक्टरने टाके घातले. शेंडा गेला तो गेलाच.

इकडे खेळ थांबला नाही. रावण जाळला आणि पंगती बसल्या. पंगतीची रीत अशी की रामाकडच्यांचे पाय धुवायचे, त्यांना आधी वाढायचं. राक्षसांची पंगत मागून. त्यांना खरवडलेला भात आणि पाण्यासारखी कढी. रामाच्या पंगतीत राक्षस बसला तर खेळाचं पुण्य जातं म्हणत. भासऱ्यांनी पंधरा वर्षं ती कढी प्यायली होती.

आठ दिवसांनी पंच बसले. मला वाटलं, पोराला जाब विचारतील. जाब मला विचारला. भासऱ्याला हात का लावला? मारुतीला नारळ फोड आणि माफी माग म्हणाले. तलवारीबद्दल एकच बोलणं झालं, "त्यानं तोंड पुढं काऊन केलं?" मी म्हणाले, "नारळ आनतो मी. पन ज्यानं नाक कापलं त्याच्या हातानं फोडजा." कोणी आणवला नाही. आर्वीकडची एक सोयरीक भासऱ्यांसाठी जवळपास ठरली होती. चाळिशीला आलेल्या माणसाला मोठ्या मुश्किलीने बायको मिळत होती. त्या लोकांनी निरोप धाडला, नकटा नको. पुन्हा कोणी आलं नाही.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मंडळी आमच्या अंगणात आली. म्हाताऱ्या पुजाऱ्याने विडा पुढे केला. "शूर्पे, तुलेच कराव लागते. आता त तुले सोंगाचीही गरज नाई." हसलेसुद्धा. मी दारामागे उभी होते, हातात मुसळ होतं. भासऱ्यांनी विडा घेतला नाही. गाईकडे पाहून म्हणाले, "सांग मोरे यायले. राक्षस पहिल्या पंगतीत बसन, तवा मरन."

मंडळी म्हणाली, रीत मोडत नाही. मग दुसरीकडे गेली. पण खर झालेला कुणबी म्हणाला, शूर्पीचं ऐका. कुंभकर्ण होणारा तेली म्हणाला, शूर्पीचं ऐका. मारीच, ताटका, रावणाच्या मागे नुसते उभे राहणारे चौघे, सगळ्यांनी तेच सांगितलं. भासरे कोणाच्या घरी गेले नव्हते. दसरा आला. राम तयार, लक्ष्मण तयार, मुकुट घालून दोघे देवळाच्या ओट्यावर बसले. मारायला कोणी नव्हतं. उन्हं उतरेपर्यंत बसले आणि मुकुट काढून घरी गेले. त्या वर्षी आमच्या गावात रामलीला झाली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मालगुजाराच्या घरूनच निरोप आला. पहिल्या पंगतीत राक्षस बसतील. तलवार लाकडी राहील.

भासरे पुन्हा शूर्पणखा झाले. वाक्य तेच बोलले. संध्याकाळी वाड्याच्या अंगणात पत्रावळी मांडल्या. राम मध्ये आणि त्याच्या उजवीकडे आमचे भासरे, काजळी अर्धवट पुसलेली. पाय धुवायला कोणी तांब्या घेऊन आलं तर त्यांनी पाय मागे घेतले. "पाय राहू द्या. वाढा." वाढायला गावातल्या सुना होत्या, त्यांत मी होते. मी भाजी वाढून पुढे सरकले. तिथे गाय नव्हती. त्यांनी घास खाल्ला आणि मान वर करून थेट मला म्हणाले, "लहाने, मीठ बराबर हाय."

मी त्या घरात आल्यापासून चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी पदर सावरला नाही. म्हणाले, "पोटभर जेवा भाऊजी."

त्यानंतर पाच-सहा दसरे झाले. मग गावात टीव्ही आला आणि मैदानात माणसं जमेनात. भासरे एका उन्हाळ्यात तापाने गेले. शेवटी शेवटी जीभ जड झाली होती, तरी मोरीच्या वासराला हाका मारायचे. तिरडी उचलायला रावणाकडचे सगळे आले होते. रामाकडचा एक आला.

नवरा गेला. पुजारी गेला, पंच गेले, खर आणि कुंभकर्णही गेले. त्या दुपारी जे मंचावर होते त्यांतले आता गावात दोघे आहोत. एक तो मालगुजाराचा नातू, म्हातारा झालाय, माझ्या दारावरून जाताना मान खाली घालतो. दुसरी मी.