उज्ज्वलाअक्काचे नको असलेले शब्द

आमच्या गल्लीत बोलतात, उज्ज्वलाअक्का दवाखान्याची एजंट हाय. ऊसतोडीच्या बायका घरोघर गाठून गर्भपिशवीच्या ऑपरेशनला पाठवते अन् एका पिशवीमागं एक साडी घेते. गल्लीचा हा सूर मला हुबेहूब काढता येतो, पण गोष्ट खोटी आहे. अंबाजोगाईतल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत अक्का संगणकावर बसते आणि फोनवर दिसणाऱ्या जाहिराती सांभाळते.

तिची स्वतःची गर्भपिशवी पंचविशीतच काढलेली. ऊसतोडीवर पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापायचा, म्हणून टोळीतल्या बाकीच्या बायकांसारखं तिनंही करून टाकलं. पुढं कंबर अशी धरली की उसाची मोळी उचलेना. बारावी झाली होती, संगणकाचा कोर्स केला, खुर्ची मिळाली. त्या खुर्चीतही ती पाठीला उशी लावून बसते.

कुणी फोनवर काही शोधलं की त्याच क्षणी सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. दवाखाने शब्द निवडून त्यांवर आधीच बोली लावून ठेवतात; जाहिरात कुणी दाबली की पैसे जातात. ‘गर्भपिशवीचं ऑपरेशन’ हे शब्द घट्ट धरले, तर तेच शोधणारीला जाहिरात दिसते. सैल सोडले, तर यंत्र आसपासचंही सगळं गोळा करतं. पाळीत दुखतंय, पांढरं जातंय, चक्कर येतीय, सगळ्यांना उत्तर एकच.

व्यवस्थापक सुंदरराव गालातलं पान या बाजूचं त्या बाजूला करत म्हणायचे, “सैल सोडा ओ मॅडम. जाळं हाय ते, गाळणी न्हाई.”

अक्कानं घट्ट केलं. वर ‘हे शब्द आले तर जाहिरात दाखवू नको’ असंही यंत्राला बजावलं. लिहिता न येणाऱ्या बायका फोनला बोलूनच विचारतात. गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला मला येतात, म्हणून त्या कशा बोलतात हे तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. मी शेजारच्या रतनबाईसारखं कण्हत विचारायचो, अक्का हसत हसत शब्द टिपायची आणि यंत्राच्या ‘नको’ यादीत टाकायची.

खाटा रिकाम्या पडू लागल्या. सुंदररावांनी सांगितलं, महिनाअखेर पेशंट वाढले न्हाईत तर खुर्ची सोडा.

मी म्हणालो, खुर्ची गेली तर गेली, पण रतनबाईची सून अंजू तरी वाचली. तिचं वय बावीस, नुकतीच तोडीवरून आलेली, पोट धरून बसलेली. आता तिला कुणी ऑपरेशन दाखवणार नाही.

“लाव पैज,” अक्का म्हणाली. “हरलास तर माझ्यासंगं अंजूकडं यायचं.”

मी फोन तोंडाशी धरला आणि अंजूच्या आवाजात विचारलं, “पाळीत पोट लई दुखतंय, काय करावं?”

अक्काच्या दवाखान्याचं नाव कुठंच नव्हतं. सगळ्यात वर दुसऱ्याच गावच्या दवाखान्याची जाहिरात होती: पिशवी काढा, त्रासातून सुटा, जायची-यायची गाडी मोफत.

“आपुन हटलो की पुढला बसतो. लिलाव हाय बाळा, जागा मोकळी राहत न्हाई,” ती म्हणाली आणि कंबर धरून उठली. अंजूला आधी सरकारी दवाखान्यात दाखव म्हणून सांगायचं होतं. अशी ती किती घरांत जाऊन आली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

अंजूच्या दारात चपला काढताना समोरच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. आता गल्ली म्हणते, एजंट दोन झाले.