शाळेसाठी गप्प बसलेली लेक

माझी शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. तिथल्या गुरुजींनी मनापासून शिकवलं म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, हे मी कुणालाही अभिमानाने सांगतो. पण लेकीच्या शाळेची वेळ आली तेव्हा मीच इंग्रजी शाळा शोधू लागलो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत बोलायला लागले की मी अजूनही खाली मान घालून बसतो. तिचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

अंबरनाथजवळच्या शिरगावातल्या आमच्या घरापासून नगरपालिकेची मराठी शाळा पायी जाण्यासारखी आहे. मी त्या शाळेचं नाव काढलं की बायको म्हणायची, "अहो, तुमचे गुरुजी आता कुठे राहिलेत? आपल्या बिल्डिंगमधलं एक तरी पोर जातं का तिथे?"

शेवटी अंबरनाथच्या एका इंग्रजी शाळेने बोलावलं. मुलाखत नाही, नुसत्या गप्पा, असं फोनवर सांगितलं. तरी आम्ही तयारीला लागलो. रंग, फळं, प्राणी, सगळं इंग्रजीत. निघताना बायकोने लेकीला बजावलं, "मॅडमसमोर मराठी अजिबात नाही हं." मीही मान डोलावली.

मॅडम प्रेमळ होत्या. लाकडी ठोकळे पुढे करत त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "बाळा, घरी कोण कोण असतं?"

एरवी भाजीवाल्याशीही बडबडत सुटणारी आमची पोरगी. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"सांग ना गं," मी म्हणालो. तिचे डोळे भरले.

जिन्यात येताच तिने विचारलं, "बाबा, आता बोलू?"

संध्याकाळी शाळेतून फोन आला. प्रवेश मिळाला होता. मुलगी शांत आहे, वर्गात काही त्रास होणार नाही, म्हणाले.

"शांत? आपली?" बायको हसली आणि एकदम हसायची थांबली.

मी म्हणालो, "उद्या नगरपालिकेच्या शाळेत जाऊन नुसतं बघून येऊ या का?"

"आणि वर्गात पोरंच नसली तर?"

ती भीती मलाही होती. तरी सकाळी आम्ही तिघे निघालो. लेकीला यावेळी काहीच पढवलं नव्हतं.