व्हरांड्याच्या टोकाची खुर्ची

"आतलं आतच ऱ्हाऊ द्या, साहेब," असं म्हणत मामा लाकडी पेटीवर दोन बोटांनी टकटक करायचे. आमच्या क्लबाचा इतिहास म्हणून मला त्यांच्याकडून एवढंच मिळालं.

मुळशी धरणाच्या काठचा हा क्लब गोऱ्या साहेबांनी मासे धरायला आणि होड्या वल्हवायला काढला. साहेब गेले. त्यांचे नियम, त्यांचे टाय आणि त्यांचं बेचव पुडिंग आम्ही निष्ठेने जपलं. मी भूगावात फ्लॅट घेतलेला लेखक. इतिहास लिहून देईन या बोलीवर मला सभासद करून घेतलं. मामा मात्र मिसरूड फुटल्यापासून इथले वाढपी. सभासदत्वाच्या मतदानात कोणी कोणाला पाडलं, असं विचारलं की पेटीवर टकटक.

त्या पेटीइतकं पवित्र क्लबात काही नव्हतं. तुम्हीही असली दैवतं कुठे ना कुठे पाहिली असतील. नवा सभासद घ्यायचा की ती प्रत्येकापुढे फिरायची. हात आत घालून गोटी उजव्या कप्प्यात टाकली तर होकार, डाव्यात टाकली तर नकार. एक नकारही पुरे. आणि आपण कुठे टाकली हे कोणी बोललं, तर अख्खं मतदान बाद. मामा आरतीचं तबक फिरवावं तशी पेटी फिरवायचे, मान दुसरीकडे वळवून.

नोकरांनी व्हरांड्यात बसायचं नाही, हाही एक नियम. मामांना नेमकं तिथेच बसायचं होतं. टोकाच्या खुर्चीतून जे पाणी दिसतं, त्याखाली त्यांच्या आजोबांचं भाताचं खाचर बुडालेलं.

"उभ्यानं लई बघितलं," ते एकदा मला म्हणाले. "एकदा बसून बघायचं हाय."

ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचं नाव सभासदत्वासाठी मांडलं. एका ज्येष्ठांनी परंपरेवर लांबलचक भाषण केलं. त्यांच्या टायवर दुपारचा रस्सा होता. अखेर मतदान ठरलं. उमेदवाराने स्वतःचीच पेटी कशी फिरवायची, म्हणून ती सचिवांनी उचलली. मामा इस्त्रीचा सदरा घालून दाराबाहेर उभे राहिले.

पेटी फिरली. सचिवांनी मागच्या बाजूने कप्पे उघडले, घसा साफ केला आणि जाहीर केलं की सगळ्या गोट्या डाव्या कप्प्यात आहेत. एकही होकार नाही.

"कसं शक्य आहे? मी उजवीकडे टाकली," म्हणत एक डॉक्टरबाई उठल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं. मग सगळेच. परंपरावाले ज्येष्ठ तर टेबलावर मूठ आपटून विचारू लागले, "माझी गोटी उजवीकडेच आहे. मला समजता काय तुम्ही?" खुर्च्या सरकल्या, पाण्याचा जग कलंडला, सगळे पेटीभोवती जमले. तेव्हा कुठे उलगडलं. सचिव पेटीच्या मागे उभे होते. आमचा उजवा कप्पा त्यांना डावा दिसत होता. म्हणजे सगळेच्या सगळे होकार! टाळ्यांनी छप्पर दणाणलं. मी उडी मारली असं लोक सांगतात. मी नाकारत नाही.

दोघांनी मामांना हाताला धरून टोकाच्या खुर्चीपाशी नेलं. ते बसेनात. हसत होते आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते.

"न्हाई साहेब. तुमी समदे बोलून बसलाय. मतदान बाद. फुडच्या बैठकीला बसतो की." मग माझ्याकडे वळले. "आतलं भाईर आलं. हे मातर लिवा."

पुढची बैठक पावसाळ्यानंतर होती. मामा श्रावणातच गेले.

इतिहास छापून झाला. त्या मतदानाचं पान समितीने गुप्ततेच्या नियमावर बोट ठेवून गाळलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि खाचराचा बांध उघडा पडतो. तेव्हा व्हरांडा भरलेला असतो. माणसं कठड्याला टेकून, उभ्या उभ्या चहा पितात. टोकाची खुर्ची रिकामी असते. तसा नियम कुठेही लिहिलेला नाही.